एक स्वयंपाक, सहा ताटं : नावडीनिवडीच्या घरातलं रात्रीचं जेवण



गेल्या वर्षीची गोष्ट. तिसरीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला आहाराचा पाठ चालू होता. फळ्यावर मी ताटाचं मोठं चित्र काढलं होतं. भाकरी, वरण, पालेभाजी, कोशिंबीर, ताक आणि एक केळं. मुलांनी रंगीत खडूंनी ताट रंगवलं. "ताटात सगळे रंग हवेत आणि ताटातलं सगळं संपलं पाहिजे," असं मी ठासून सांगितलं. तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या घरी सगळे सगळं खातात का?"

मी "हो" म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला.

खोटं बोलले होते. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना ती मुलगी डोळ्यासमोरून हलेना. पाठ शिकवून झाला होता, स्वाध्याय लिहून झाला होता, पण माझ्याच घरातला हा धडा मला येत नव्हता. तो मी नंतर वर्षभर हळूहळू शिकले. त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते आज मांडते आहे. शिक्षक म्हणून आणि आई म्हणूनही.

आमच्या घरातली यादी

आम्ही घरात सहा माणसं. प्रत्येकाची यादी वेगळी.

1) आण्णा (सासरे) : दात गेलेले, त्यात साखर. कडक काही चालत नाही. भाकरी कुस्करूनच लागते, भात बेताचा.

2) आई (सासूबाई) : गुरुवारचा उपवास. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. अंडं, मटण कधीच नाही.

3) आमचे हे : तिखटाशिवाय घास उतरत नाही. पातळ भाजी दिसली की "आज पाणी केलंय का?" असं विचारणार.

4) थोरला (वय 8) : हिरवं काही दिसलं की ताट सरकवतो. एका पदार्थाला दुसरा पदार्थ लागलेला चालत नाही. आमटी भाताला लागली तर भात बाद!

5) धाकटी (वय साडेचार) : वरण-भात, दही-पोळी, बिस्किट. यादी संपली.

6) मी : माझं नाव तेव्हा या यादीत नव्हतं. ते का नव्हतं, ते शेवटी सांगते.

शाळा सुटल्यावर घरी पोहोचायला मला सहा वाजतात. त्यानंतर मी रोज दोन भाज्या करत होते. वर धाकटीचं वेगळं वरण, थोरल्यासाठी बटाट्याच्या काचऱ्या, ह्यांच्यासाठी ठेचा. साडेआठ-नऊला जेवणं व्हायची. ओटा आवरून झाला की वह्या तपासायला बसायचं आणि पहिल्या वहीवरच डोळा लागायचा. इतकं करूनही "आज हेच का?" हा प्रश्न चुकत नव्हता. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, आमच्याकडे तर रोज एका तरी पदार्थाचं मीठ अळणी निघायचं.

ती रात्र

धाकटी सारखी दमायची म्हणून डॉक्टरांना दाखवलं. हिमोग्लोबिन 10 च्या खाली निघालं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं ते 11 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहून दिलं आणि पालेभाजी, कडधान्यं खाऊ घाला असं सांगितलं.

मी घाबरले होते, आणि घाबरलेली आई काय करते ते बऱ्याच जणींना माहीत असेल. त्याच रात्री पालकाची भाजी केली. धाकटीने तोंड मिटलं. आधी गोडीत सांगितलं, मग मोबाईल दाखवला, मग ओरडले. शेवटी तिचे दोन्ही हात एका हाताने धरून चमचा तोंडात घातला. तिला उलटी झाली. ताटातच.

आण्णा समोर जेवत होते. त्यांनी ताट बाजूला केलं. मला वाटलं, रागावणार. ते एवढंच म्हणाले, "पोरीला अन्नाची भीती घालू नकोस गं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही लाल मिलोची भाकरी खाल्ली, कामावर मिळायची ती सुकडी खाल्ली. भूक होती म्हणून खाल्ली. अजून सुकडीचं नाव काढलं तरी पोटात कालवतं. अन्नाची भीती लई दिवस राहते."

त्या रात्री आण्णा जेवले नाहीत. आणि पुढचे आठ दिवस धाकटी दिवेलागण झाली की पोट दुखतंय म्हणून पडून राहायची. पोट दुखत नव्हतं. जेवायची वेळ जवळ येत होती.

तिच्या रक्तात लोह कमी होतं. त्यात मी जेवणाची भीती वाढवून ठेवली.

मुलं असं का करतात?

"हल्लीची मुलं लाडावलेली" एवढं म्हणून आपण विषय संपवतो. पण थोडं वाचल्यावर, डॉक्टरांना विचारल्यावर लक्षात आलं की यातल्या बऱ्याच गोष्टींना कारणं असतात.

• वाढीचा वेग कमी होतो. जन्माच्या वेळचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं. पुढे मात्र वर्षाला दोन-अडीच किलोच वाढ होते. वेग कमी झाला की भूकही कमी होते. आपण म्हणतो, "आधी छान खायची, आता काहीच खात नाही." तिला तेवढं लागतच नसतं.

• नव्या अन्नाची भीती. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात मुलं अनोळखी पदार्थ टाळतात. मूल चालायला लागलं की दिसेल ते तोंडात घालू नये म्हणून निसर्गानेच ही काळजी घेतली असावी, असं तज्ज्ञ मानतात. बहुतेक मुलांत ही भीती वयाबरोबर कमी होते.

• कडू चव जास्त जाणवते. लहान मुलांना कडवटपणा मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो. आपल्याला मेथी 'जराशी कडसर' लागते, तिला ती कडूजहर लागत असेल.

• चवीपेक्षा स्पर्श नकोसा असतो. बुळबुळीत भेंडी, गिळगिळीत वांगं, दाताला लागणारा गवारीचा दोर. थोरल्याला मी नीट विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भेंडी आवडते, पण ती लाळेसारखी असते ती नको." म्हणजे तक्रार भेंडीची नव्हती, माझ्या करण्याची होती!

• भूकच लागलेली नसते. आमच्याकडे सहा वाजता चहा-बिस्किट, सात वाजता पाच रुपयांचं पुडकं, झोपताना दूध मिळणार याची खात्री. मग साडेआठला भूक कुठून येणार?

दुपारच्या पंगतीने शिकवलेला धडा

माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया मला सांगतात, "बाई, हा घरी भाजीला हात लावत नाही." तोच मुलगा शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराच्या ओळीत बसून मटकीची उसळ आणि भात चाटूनपुसून खातो. हे मी कित्येक वर्षं बघत होते, पण त्याकडे शिक्षिकेच्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब आहे. हे आकडे आपण रजिस्टर भरताना रोज बघतो. पण मुलं ते अन्न का खातात, ते रजिस्टरात कुठे लिहिलेलं नसतं. मी आठवडाभर नुसतं निरीक्षण केलं. जे दिसलं ते असं :

1) मुलं खेळून, भुकेने आलेली असतात.
2) सगळ्यांना एकच पदार्थ असतो. वेगळं मागायची सोय नाही.
3) आधी एकच डाव वाढतात. हवं तर परत मागायचं.
4) शेजारचा खातो ते बघून हाही खातो.
5) आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंडाकडे कोणी टक लावून बघत नाही. वाढणाऱ्या मावशींना पुढची ओळ गाठायची असते!

माझ्या घरी याच्या बरोबर उलट चाललं होतं. भूक नाही, पदार्थ चार, ताट भरगच्च, मोठे मधेमधे उठलेले आणि आई समोर चमचा घेऊन बसलेली.

कोणाचं काम कोणतं?

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल एक सोपी गोष्ट मांडली आहे. तिला 'जबाबदारीची वाटणी' म्हणता येईल. काय शिजवायचं, कधी आणि कुठे जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं काय खायचं आणि किती खायचं, हे मुलाने ठरवायचं. आपण एकमेकांच्या कामात हात घालतो म्हणून भांडणं होतात. मी धाकटीच्या कामात हात घालत होते (किती खायचं), आणि थोरला माझ्या कामात (काय शिजवायचं).

हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. पहिल्या दिवशी थोरला फक्त भाकरी आणि ताक घेऊन उठला तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. आई म्हणाल्या, "अगं, लेकराला काचऱ्या करून दे की दोन मिनिटांत." मी म्हटलं, "आई, एक महिना बघू या. नाही जमलं तर मीच करीन काचऱ्या." आईंनी महिनाभर धीर धरला, हे त्यांचे उपकार. घरातल्या आजीला सोबत घेतल्याशिवाय यातलं काही होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही ठरवलेले नियम फक्त चार :

• जेवण साडेसातला, सगळ्यांचं एकत्र, टीव्ही-मोबाईल बंद. सहा वाजता चहा-बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे किंवा केळं. मधलं पुडकं बंद.

• रोज एकच स्वयंपाक. पण ताटात प्रत्येकाच्या ओळखीचा, हमखास खाल्ला जाणारा एक तरी पदार्थ हवा. म्हणजे कोणी उपाशी उठत नाही.

• नावडती किंवा नवी भाजी एक चमचाच वाढायची, ताटाच्या कडेला. तिला आम्ही 'पाहुणी' म्हणतो. पाहुणी आली की तिला बसू द्यायचं. बोललंच पाहिजे असं नाही, पण हाकलून द्यायचं नाही. म्हणजे खाल्लीच पाहिजे असं नाही, पण "शी!" म्हणायचं नाही.

• लाच नाही, शिक्षा नाही. "भाजी संपव, मग चॉकलेट" हे बंद. यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस.

पाहुणी एकदा येऊन भागत नाही. एखादा पदार्थ मुलाने स्वीकारायला तो 8 ते 15 वेळा समोर यावा लागतो, असं या विषयावरच्या अभ्यासांतून दिसतं. आपण मात्र दोनदा करून "याला आवडत नाही" असा शिक्का मारतो. पाढे एका दिवसात पाठ होत नाहीत हे आपल्याला कळतं. दुधी भोपळ्याला मात्र आपण दोनच संधी देतो.

एक स्वयंपाक, सहा ताटं : प्रत्यक्ष कसं करायचं?

युक्ती एकच. सगळ्यांचा पदार्थ शेवटच्या पायरीपर्यंत एकत्र शिजवायचा आणि शेवटी वाटे करायचे. वेगळेपण फोडणीत, तिखटात आणि वाढण्यात ठेवायचं. चार वेगळ्या भाज्या करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं.

सोमवार : वरण-भात, आमटी, भेंडी. कुकरमध्ये खाली तुरीची डाळ, वर तांदूळ. डाळ घोटली की हळद-मीठ-हिंगाचं साधं वरण धाकटीला आणि आण्णांना बाजूला काढायचं. उरलेल्याला फोडणी, गोडा मसाला, आमसूल. झाली आमटी. भेंडी धुऊन कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून मगच चिरायची, कारण पाण्याने ती बुळबुळीत होते. कढईवर झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी घालायचं आणि दोन आमसुलं टाकायची. तार सुटत नाही. थोरल्यासाठी त्यातलीच थोडी भेंडी उभी चिरून, बेसन भुरभुरून कुरकुरीत करते. तो ती आता मागून घेतो.

मंगळवार : मेथी, ज्वारीची भाकरी, ताक. मेथीत भिजवलेली मूगडाळ आणि जुडीला दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट. कूट घातलं की कडवटपणा दबतो. वाढताना लिंबू पिळायचं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. चहाने उलट होतं, म्हणून जेवणाला लागून चहा नको. ह्यांच्या ताटात ठेचा, आण्णांची भाकरी ताकात कुस्करून.

बुधवार : थालीपीठ. भाजणीत किसलेला दुधी किंवा कोबी. पीठ सगळ्यांचं एकच. ह्यांच्या गोळ्यात मिरची जास्त, आईंच्या गोळ्यात चातुर्मास असेल तर कांदा नाही, आण्णांचं थालीपीठ जाडसर आणि मऊ. मुलं स्वतःचं छोटं थालीपीठ स्वतः थापतात. तेलाचं भोक पाडायला मात्र भांडणं होतात!

गुरुवार : मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, पापड. आईंचा उपवास सुटतो, सगळ्यांच्या पोटाला हलकं आणि मला जरा उसंत. 'पाहुणी' म्हणून गाजर-काकडीची कोशिंबीर. धाकटीला किसलेलं गाजर नको होतं, लांब काप दिले तर कडाकडा खाल्ले.

शुक्रवार : पिठलं-भाकरी. पातळ पिठलं आधी आण्णांना आणि धाकटीला. तेच कढईत आणखी आटवून, वर लसणाची लाल फोडणी दिली की ह्यांचं काम झालं.

शनिवार : चकोल्या. सकाळची शाळा असल्याने वेळ मिळतो. कणकेत थोडं बेसन, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे. हे काम मुलांचं. आमटी नेहमीपेक्षा पातळ ठेवायची, कारण चकोल्या पाणी ओढून घेतात. उकळत्या आमटीत एकेक सोडायच्या, दहा-बारा मिनिटांत शिजतात. आमटी सौम्यच करायची. धाकटीची वाटी काढून घेतली की वरून लसूण आणि लाल तिखटाची फोडणी.

रविवार : रस्सा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा एकच रस्सा. अर्ध्यात उकडलेली अंडी, अर्ध्यात बटाटा आणि वाटाणा, आईंसाठी. चातुर्मास असला तर आईंसाठी त्या दिवशी वरणच. त्यांना ते चालतं. पळी मात्र वेगळी ठेवायची, त्यात कसूर नको.

अशा रीतीने सहा ताटं लागतात, पण शेगडी पूर्वीच्या निम्म्या वेळात बंद होते. साडेआठला ओटा आवरलेला असतो.

माझी एक चूक : लपवाछपवी

मधे एकदा मी हुशारी केली. पालक वाटून पोळीच्या कणकेत घातला आणि थोरल्याला "ही हिरवी पोळी जादूची आहे" असं सांगितलं. त्याने तीन खाल्ल्या. मी आनंदात. दुसऱ्या दिवशी धाकटीने फोडलं, "दादा, त्यात पालक होता, मी बघितला." पुढचे पंधरा-वीस दिवस थोरला प्रत्येक पोळी उलटीपालटी करून, वास घेऊन खात होता. साध्या पोळीवरचाही विश्वास गेला.

पालक पोळीत घालायला हरकत नाही, थालीपिठात दुधी घालायलाही नाही. पण विचारलं तर खरं सांगायचं. आणि तीच भाजी भाजीच्या रूपात अधूनमधून दिसू द्यायची. लपवलेल्या भाजीशी ओळख होत नाही.

वर्गासाठी उपक्रम : 'चव वही'

शिक्षक मित्रांनो, घरात जमलेलं हे मी वर्गातही करून पाहिलं. दुसरी ते चौथीला सहज घेता येतं. खर्च जवळपास नाही.

• आठवड्याला एक भाजी किंवा फळ निवडावं. परसबाग असेल तर तिथलंच. गाजर, काकडी, मुळा, टोमॅटो, उकडलेलं बीट.

• मुलांनी आधी ती हातात घ्यावी, वास घ्यावा, मोडून आवाज ऐकावा. खाणं ऐच्छिक. धुऊन, स्वच्छ चिरून छोटा तुकडा द्यावा. कोणाला एखाद्या पदार्थाचा त्रास होतो का, ते पालकांना आधी विचारावं.

• चव वहीत चार पायऱ्यांपैकी आपली पायरी लिहावी : पाहिली, हातात घेतली, जिभेला लावली, खाल्ली. 'आवडली की नाही' हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. एक पायरी वर चढली तरी शाबासकी.

• मराठी : विशेषणं लिहावीत. आंबट, तुरट, कडसर, कुरकुरीत, रसरशीत, खरखरीत, बुळबुळीत. 'छान' आणि 'घाण' हे दोन शब्द त्या दिवसापुरते बंद!

• गणित : पायऱ्यांवरून चित्रालेख काढावा.

• परिसर अभ्यास : ही भाजी झाडाचा कोणता भाग? मूळ, खोड, पान, फूल की फळ?

एक सूचना मात्र कळकळीने करते. "काल रात्री घरी काय जेवलात?" हा प्रश्न वर्गात सगळ्यांसमोर विचारू नये. मी विचारला होता. ऊसतोडीला आलेल्या एका घरातला मुलगा "भाकर आणि चटणी" एवढंच बोलून खाली बघत राहिला. आपण ज्याला 'खाण्याचे नखरे' म्हणतो, ते ज्या घरात निवडायला काहीतरी असतं त्याच घरात होतात. काही मुलांच्या ताटात सगळे रंग नसतात, कारण आणायला पैसे नसतात. अशा मुलासाठी शाळेतला तो 50 ग्रॅम भाजीचा वाटा ही दिवसातली एकमेव भाजी असू शकते. तो वाटा चांगला शिजलेला, चवीचा असणं ही आपली जबाबदारी आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

सगळंच 'वयाप्रमाणे जाईल' म्हणून सोडू नये. वजन वाढत नसेल किंवा कमी होत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल किंवा दुखत असेल, वारंवार उलटी होत असेल, आधी खाल्ले जाणारे पदार्थही एकेक करून सुटत असतील, मूल फिकट दिसत असेल, माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल, तर तपासणी करून घ्यावी. पेन्सिल खाणाऱ्या मुलांना आपण शिक्षक रागावतो. त्यामागे अनेकदा रक्तातली लोहाची कमतरता असते. शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी आणि आठवड्याची लोहाची गोळी चुकवू नये. पोटात जंत असले तरी भूक मंदावते.

आमच्या धाकटीचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11 च्या वर आलं. त्याचं श्रेय आधी औषधाला आहे, ते आम्ही एक दिवसही चुकवलं नाही. नुसत्या पालेभाजीच्या भरवशावर राहू नये, आणि पी हळद आणि हो गोरी अशी अपेक्षाही ठेवू नये. पण तिचं दिवेलागणीचं पोट दुखणं थांबलं, ते औषधाने नाही.

आणि आता माझं नाव

यादीत माझं नाव का नव्हतं? एकदा थोरल्याने सहज विचारलं, "आई, तुला काय आवडत नाही?" मी म्हटलं, "मी सगळं खाते." हे शेजारीच होते. ते हसून म्हणाले, "लग्नाला अकरा वर्षं झाली, या घरात शेपू शिजलेला नाही. मी ताईकडे गेलो की खाऊन येतो."

खरंच होतं. मला शेपूचा वास सहन होत नाही. लहानपणी एकदा शेपू संपेपर्यंत मला पाटावरून उठू दिलं नव्हतं, तेव्हापासून. मोठी झाले, स्वयंपाक माझ्या हातात आला आणि शेपू घरातून बाद झाला. मला कोणी नखरेल म्हटलं नाही, कारण काय शिजवायचं हे मीच ठरवत होते. स्वयंपाक करणाऱ्याच्या नावडी कोणाला दिसत नाहीत. मुलांच्या मात्र ताटात उरलेल्या दिसतात.

पुढच्या मंगळवारी मी शेपू आणला. मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन केला. ह्यांनी दोनदा वाढून घेतला. माझ्या ताटात कडेला एक चमचा, पाहुणी. मी बराच वेळ भाकरीच मोडत बसले होते. धाकटी माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, खाल्लीच पाहिजे असं नाही. बसू दे तिला."

मी एक घास खाल्ला. आवडला नाही. पण उठून जावंसंही वाटलं नाही.

थोरला अजून कारलं खात नाही. धाकटी पालक जिभेला लावून परत ठेवते, म्हणजे तिसऱ्या पायरीवर आहे. या वर्षी तिसरीला तोच पाठ पुन्हा आला. ताटातलं सगळं संपलं पाहिजे, असं मी या वेळी सांगितलं नाही. "माझ्या घरी सगळे सगळं खात नाहीत. मीसुद्धा नाही. आम्ही शिकतोय," असं सांगितलं. मुलांनी मग आपापल्या नावडत्या भाज्या सांगायला जी सुरुवात केली, ती मधली सुट्टी होईपर्यंत थांबली नाही.

पालकांसाठी गृहपाठ

1) घरातल्या प्रत्येकाच्या नावडीची यादी करा. स्वतःचं नाव पहिलं लिहा.
2) एक आठवडा जेवणाआधी दीड तास मुलांना पुडकं, बिस्किट, दूध देऊ नका. भूक कशी बदलते ते बघा.
3) एक भाजी निवडून ती महिन्याभरात आठ वेळा, एक चमचाच, ताटात ठेवा. आग्रह करू नका.
4) आठवड्यातून एक दिवस मुलांना स्वयंपाकात एक खरं काम द्या. निवडणं, सोलणं, थापणं, काहीही.

तुमच्या घरातली 'पाहुणी' कोणती आणि ती कितव्या दिवशी घरची झाली, ते जरूर कळवा.